न्यूफाउंडलंडचा नाताळ : मुखवटे, निरोप आणि रेडिओ

नाताळ म्हटला की गोठ्याचा देखावा, चांदणीचा आकाशकंदील, मध्यरात्रीची प्रार्थना आणि केक यांचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. कॅनडाच्या पूर्व टोकाला, उत्तर अटलांटिक महासागरात वसलेल्या न्यूफाउंडलंड बेटावरही हे सारे आहेच. परंतु तेथील खेड्यांतल्या जुन्या माणसांना नाताळच्या आठवणी विचाराव्यात, तर त्यांचे बोलणे २५ डिसेंबरवर फार वेळ थांबत नाही. ते वळते दुसऱ्या दिवसापासून सुरू होणाऱ्या बारा रात्रींकडे, दारावर पडणाऱ्या काठीच्या थापेकडे आणि उशीच्या अभ्र्याआड तोंड लपवून घरात शिरणाऱ्या शेजाऱ्यांकडे. या आठवणी गावाच्या वेशीबाहेर पोहोचल्या आणि टिकून राहिल्या, त्यात विद्यापीठाचा वाटा आहे, तसाच रेडिओचाही आहे. किंबहुना या बेटावर रेडिओने जे काम केले, त्याला दुसरी उपमा शोधणे कठीण आहे.

न्यूफाउंडलंडचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. लॅब्रॅडॉरचा मुख्य भूमीवरील विस्तीर्ण प्रदेश जमेस धरूनही या प्रांताची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेनुसार सुमारे पाच लाख दहा हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डॉर्सेट, डेव्हन या परगण्यांतून आणि आयर्लंडच्या आग्नेय भागातून आलेले कोळी कॉड माशांच्या मागे येथे स्थायिक झाले. जेथे होडी लागेल तेथे घर, असा हिशेब असल्याने वस्ती किनाऱ्याच्या खाचाखोचांत विखुरली गेली. या छोट्या मच्छीमार गावांना तेथे 'आउटपोर्ट' म्हणतात. राजधानी सेंट जॉन्स सोडून बाकी सारे आउटपोर्ट, अशी तेथली जुनी विभागणी. कित्येक गावांना रस्ता नव्हता, जाणे-येणे बोटीनेच. हिवाळा वाढला की उत्तरेकडील उपसागर गोठत आणि बोटीही बंद पडत. उन्हाळ्यात मासेमारी आणि मासे खारवणे-वाळवणे यांतून क्षणाची उसंत नसे. वर्षाचा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत मिटवून झाल्यावर जी सवड मिळे, ती नेमकी नाताळातच. म्हणून तेथला नाताळ एका दिवसात आटोपत नसे. २६ डिसेंबरच्या सेंट स्टीफनच्या दिवसापासून ६ जानेवारीच्या 'जुन्या नाताळा'पर्यंत तो चाले.

या बारा रात्रींचा मुख्य खेळ म्हणजे 'ममरिंग'. काही भागांत त्याला 'जॅनीइंग' असेही म्हणतात. आपल्याकडील बहुरूपी किंवा शिमग्यात दारोदार फिरणारी सोंगे आठवली तर त्याची कल्पना येईल. कोकणात संकासुर आणि साडी नेसलेला नाच्या अंगणात येतात. तेथे ममर थेट स्वयंपाकघरात येत. पुरुष बायकांचे झगे चढवीत आणि अंतर्वस्त्रे त्यावरून घालीत. बाया कोळ्यांचे मेणकापडी अंगरखे आणि गुडघाभर रबरी बूट घालीत. पाठीला उशी बांधून कुबड काढायचे, उजवा बूट डाव्या पायात घालून चाल बदलायची, हात ओळखू येऊ नयेत म्हणून हातमोजे घालायचे. तोंडावर जाळीचा पडदा किंवा डोळ्यांपुरती भोके पाडलेला उशीचा अभ्रा. आवाज लपवण्याची युक्ती तर खास आहे. ममर श्वास बाहेर सोडताना न बोलता आत घेताना बोलतात. वाचकांनी करून पाहावे. स्वतःच्या घरच्यांनाही तो आवाज परका वाटेल. काही टोळक्यांबरोबर लाकडी घोडा असे. त्याचा जबडा दोरीने उघडता-मिटता येई आणि त्यात दातांच्या जागी खिळे ठोकलेले असत. लहान मुलांची गाळण उडवायला तेवढे पुरे होते.

दारावर थाप मारायची आणि ममरांना आत घेता का, असे त्या चोरट्या आवाजात विचारायचे, हा प्रवेशाचा रिवाज. ही थाप महत्त्वाची आहे. आउटपोर्टमध्ये शेजारी कधीच दार वाजवत नसत. कडी काढून सरळ आत येत. दार वाजवतो तो परका. वर्षातून बारा रात्री शेजारी परका होऊन येई आणि घरातल्यांनी त्याला पुन्हा आपला करून घ्यायचा असे. त्यासाठी त्याला नाचायला लावायचे, चिमटे काढायचे, उंची-चाल न्याहाळायची आणि नाव ओळखायचे. नाव बरोबर आले की पडदा वर. मग फळांचा केक, रास्पबेरीचे सरबत आणि मोठ्यांसाठी रमचा घोट. ते सरबत सेंट जॉन्समधील 'प्युरिटी' या १९२४ साली स्थापन झालेल्या कारखान्याचे असणे, हा आजही तेथील नाताळचा जणू अलिखित नियम आहे. नाव ओळखता आले नाही, तर ममर तसेच पुढच्या घराकडे निघत. अर्थात हा खेळ चालतो तो साऱ्या गावाने एकमेकांची चाल, खांदे आणि खोकला ओळखल्यावरच. अनोळखी वस्तीत तो खेळताच येत नाही, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

या खेळाला काळी बाजूही होती. चेहरा झाकलेला असला की जुने वैर फेडणे सोपे जाते. एकोणिसाव्या शतकात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, कोळी आणि व्यापारी यांच्यातील तेढ तीव्र होती आणि ममरांच्या टोळ्या रस्त्यावर मारामाऱ्या करीत. डिसेंबर १८६०मध्ये बे रॉबर्ट्स या गावी आयझॅक मर्सर नावाच्या मच्छीमारावर मुखवटे घातलेल्या लोकांनी हल्ला केला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर १८६१मध्ये कायदा झाला. दंडाधिकाऱ्याच्या लेखी परवान्याशिवाय मुखवटा घालून सार्वजनिक ठिकाणी फिरणे हा 'सार्वजनिक उपद्रव' ठरला आणि त्यासाठी २० शिलिंगांपर्यंत दंड किंवा सात दिवसांपर्यंत कैद अशी शिक्षा मुक्रर झाली. शहरांतील मिरवणुका त्यामुळे हळूहळू मावळल्या. आउटपोर्टमध्ये मात्र पोलीस क्वचितच पोहोचत आणि घरोघर जाणारे ममर आपले बारा दिवस पाळत राहिले.

बेटावर आवाज पोहोचतो

न्यूफाउंडलंडमधील रेडिओचा आरंभ चर्चमधून झाला, हे त्या समाजाला साजेसेच होते. सेंट जॉन्समधील वेस्ली चर्चचे धर्मोपदेशक जे. जी. जॉइस यांनी १९२४मध्ये 'व्हीओडब्ल्यूआर' हे केंद्र सुरू केले. चर्चपर्यंत येऊ न शकणाऱ्यांना घरबसल्या उपासना ऐकता यावी, हा हेतू. स्वयंसेवकांच्या बळावर चालणारे हे केंद्र शतक उलटूनही सुरू आहे. पाठोपाठ खासगी केंद्रे निघाली. १९३६मध्ये 'व्हीओसीएम' आले. आउटपोर्टमध्ये वीज नसे. रेडिओ बॅटरीवर चाले आणि बॅटरी जपून वापरावी लागे. ज्याच्या घरी संच असेल त्याच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी शेजारी गोळा होत. ज्या खोलीत नाताळात ममर नाचत, त्याच खोलीत उरलेले वर्षभर रेडिओ बोलू लागला.

त्यावर सर्वांत आवर्जून ऐकले जाई ते 'डॉयल बुलेटिन'. जेराल्ड एस. डॉयल हे औषधांचे व्यापारी. कॉड-लिव्हर तेलाचा त्यांचा मोठा धंदा होता. किनाऱ्यावर फिरताना त्यांनी लोकगीते जमवली आणि १९२७पासून त्यांच्या पुस्तिका छापून फुकट वाटल्या. अर्थात औषधांच्या जाहिरातींसह. १९३२मध्ये त्यांनी रेडिओवर बातमीपत्र सुरू केले. त्यात बातम्या आणि हवामान असे, कोणती किनारी बोट कोणत्या बंदरात आहे याची यादी असे आणि त्याबरोबर व्यक्तिगत निरोप असत. इस्पितळात नेलेल्या माणसाची शस्त्रक्रिया पार पडली, अमका तमक्या बोटीने घरी निघाला, तमकीला मुलगा झाला, असे निरोप नावानिशी वाचले जात. ज्याच्यासाठी निरोप असे तो ऐकेच, पण त्याच्याबरोबर सारा किनाराही ऐके. खासगीपणाची आजची कल्पना तेथे लागू करण्यात अर्थ नाही. सणाला मुलगा घरी पोहोचणार की बर्फात अडकणार, हे जिथे याच पाव तासात कळे, तिथे त्या पाव तासाला केवढी किंमत असेल! हे बातमीपत्र डॉयल यांच्या निधनानंतरही, १९६६पर्यंत चालले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच प्रकाराची उलटी आवृत्ती लंडनहून ऐकू येऊ लागली. ब्रिटनमध्ये लढायला गेलेल्या न्यूफाउंडलंडच्या जवानांचे आवाज आणि निरोप बीबीसीवरून मार्गो डेव्हिस या तेथल्याच कन्येने घरोघर पोहोचवले. आपल्याकडील विविध भारतीच्या 'जयमाला'ची आठवण होणे साहजिक आहे. फरक एवढाच की येथे फर्माइशींपेक्षा खुशालीला महत्त्व होते.

परंतु या बेटाची आठवण जागी करण्याचे खरे काम केले ते 'द बॅरलमन' या कार्यक्रमाने. सील शिकारीच्या जहाजाच्या डोलकाठीवर पिंप बांधलेले असे. त्यात बसून बर्फावरील सील हेरणाऱ्या खलाशाला बॅरलमन म्हणत. हे टोपणनाव घेतले जोसेफ स्मॉलवुड या हरहुन्नरी पत्रकाराने. १९३७मध्ये त्याने आधी वृत्तपत्रात सदर आणि त्याच वर्षी रेडिओवर कार्यक्रम सुरू केला. आठवड्यातून सहा दिवस, रोज पाव तास. 'न्यूफाउंडलंडची ओळख न्यूफाउंडलंडरांना अधिक चांगली करून देणे' हा त्याचा जाहीर हेतू. त्या वेळचा संदर्भ ध्यानात घेतला पाहिजे. मंदीत दिवाळे निघाल्याने १९३४मध्ये या वसाहतीने स्वतःचे लोकनियुक्त शासन गमावले होते आणि लंडनने नेमलेला आयोग कारभार पाहत होता. आपण कुचकामी आहोत, ही भावना घराघरात शिरली होती. स्मॉलवुडने श्रोत्यांनाच लिहायला सांगितले. पत्रांचा ओघ लागला. धाडसी खलाशी, वादळे, भुते, अचाट ताकदीची माणसे, विचित्र नावे, आजोबांच्या गोष्टी असे बरेच काही त्यांत असे. लोकांनी सांगितलेले लोकांना परत ऐकवायचे, एवढेच तंत्र. त्यातील काही किस्से निव्वळ थापा असणार हे उघड आहे. पण आपल्या गावाचे नाव रेडिओवर आले, हा अभिमान खराच होता. या कार्यक्रमाच्या संहिता मेमोरियल विद्यापीठात जतन केलेल्या आहेत आणि अभ्यासक आजही त्या चाळतात.

१९४३मध्ये स्मॉलवुड गँडरच्या हवाई तळालगत वराहपालन करायला निघून गेला आणि बॅरलमनची जबाबदारी मायकेल हॅरिंग्टन यांनी पुढे कित्येक वर्षे सांभाळली. पण स्मॉलवुडचा आवाज लोक विसरले नाहीत. युद्धानंतर बेटाचे भवितव्य ठरवण्यासाठी भरलेल्या राष्ट्रीय सभेतील चर्चा रेडिओवरून ऐकवल्या गेल्या, तेव्हा कॅनडात सामील होण्याच्या बाजूने तोच आवाज घुमला. जुलै १९४८च्या दुसऱ्या सार्वमतात सुमारे ५२ टक्के मतांनी निर्णय झाला. ३१ मार्च १९४९ रोजी न्यूफाउंडलंड कॅनडाचा दहावा प्रांत बनला आणि स्मॉलवुड त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९७२पर्यंत ते त्या पदावर होते.

गावेच उठली

येथून कथा अवघड वळणावर येते. शाळा, दवाखाने, रस्ते आणि वीज शेकडो विखुरलेल्या गावांना पुरवणे परवडत नाही, असे नव्या सरकारचे गणित होते. १९५४पासून आउटपोर्टच्या स्थलांतराची योजना सुरू झाली. १९६५पासून केंद्र सरकारही तीत उतरले. १९७५पर्यंत सुमारे ३०० गावे रिकामी झाली आणि जवळपास ३०,००० माणसे मोठ्या वस्त्यांत गेली. कित्येकांनी आपली लाकडी घरे पाण्यात उतरवून होड्यांनी ओढत नेली. त्याची छायाचित्रे पाहणाऱ्याच्या सहज विस्मरणात जात नाहीत. योजनेच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते. मुलांना शाळा मिळाली, बाळंतिणींना डॉक्टर मिळाला. पण चर्च, दफनभूमी आणि मासे कोठे मिळतात याचे पिढ्यांचे ज्ञान मागेच राहिले. बॅरलमन म्हणून ज्याने या गावांच्या गोष्टी गोळा केल्या, त्याच्याच कारकिर्दीत ती नकाशावरून गेली. नव्या जागी शेजारी परकेच होते. मग दारावर थाप मारून आलेला परका ओळखायचा कसा? दूरचित्रवाणी आली, घरांत गालिचे आले, बर्फाळ बुटांनी नाचणाऱ्यांना आत घेणे नकोसे झाले, अशी कारणेही सांगितली जातात. ती खरी असली, तरी माझ्या मते पहिले कारण अधिक खोलवरचे आहे.

याच काळात रेडिओवर एक गाव वसत होते. कॅनडाच्या सार्वजनिक नभोवाणीने १९५१मध्ये मच्छीमारांसाठी रोजचा कार्यक्रम सुरू केला. भाव, हवामान आणि जाळ्यांच्या माहितीबरोबर त्यात टेड रसेल यांच्या 'अंकल मोझ'च्या गोष्टी येऊ लागल्या. पिजन इनलेट नावाच्या काल्पनिक आउटपोर्टमधला हा म्हातारा कोळी शेजाऱ्यांचे किस्से तेथल्या बोलीत, मिस्कीलपणे सांगे. रसेल स्वतः शिक्षक आणि दंडाधिकारी म्हणून किनाऱ्यावर राहिलेले. स्मॉलवुड यांच्या मंत्रिमंडळात ते होते आणि १९५१मध्ये मतभेदांमुळे बाहेर पडले. खरी पिजन इनलेटे ओस पडत असताना श्रोत्यांनी या खोट्या गावावर जीव लावला. पुढे या गोष्टींची पुस्तके निघाली, पण त्या ऐकण्यासाठीच लिहिल्या होत्या, हे वाचतानाही जाणवते.

ममरांची नोंद करण्याचे काम मेमोरियल विद्यापीठाने हाती घेतले. हर्बर्ट हाल्पर्ट आणि जॉर्ज स्टोरी यांनी संपादित केलेला न्यूफाउंडलंडमधील नाताळच्या सोंगांवरील ग्रंथ १९६९मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारी दार वाजवत नाही पण ममर वाजवतो, यातला अर्थ उलगडला तो याच अभ्यासातून. १९६८मध्ये हाल्पर्ट यांनी स्थापन केलेल्या लोकसाहित्य संग्रहालयात ध्वनिफितींवर अशा आठवणी साठवल्या जाऊ लागल्या. १९७२मध्ये क्रिस ब्रुक्स यांनी 'ममर्स ट्रुप' ही नाट्यमंडळी काढली. सेंट जॉर्ज, तुर्क आणि मेलेल्याला उठवणारा वैद्य असे जुने नाताळी नाटक तिने लोकांच्या घरांत शिरून केले. या मंडळीच्या इतिहासाला ब्रुक्स यांनी नाव दिले 'सार्वजनिक उपद्रव', म्हणजे १८६१च्या कायद्यातलाच शब्द! हेच ब्रुक्स पुढे रेडिओ माहितीपटांचे नावाजलेले निर्माते झाले. २०२३मध्ये त्यांचे निधन झाले.

आणि तरीही सामान्य घरांत ममर परत आणले ते ना ग्रंथाने, ना नाटकाने. ते काम एका गाण्याने केले. दक्षिण किनाऱ्यावरील फॉर्च्युन बे परिसरातील बड डेव्हिज आणि सिम सेव्होरी या 'सिमानी' नावाच्या जोडीने १९८०च्या दशकाच्या आरंभी ममरांवरचे गीत ध्वनिमुद्रित केले. ममर येत नाहीत म्हणून सणाला सण वाटत नाही, अशी खंत करणारी आजी आणि तेवढ्यात दाराशी झालेला आवाज, असा त्याचा विषय. रेडिओ केंद्रांनी ते दर डिसेंबरला इतके वाजवले की मुले ते पाठ म्हणू लागली, आणि ऐकता ऐकता लोकांनी पेट्यांतून जुने झगे बाहेर काढले. लोकपरंपरा तोंडी चालते, असे आपण मानतो. येथे तुटलेला दुवा जोडला तो ध्वनिक्षेपणाने, हे अभ्यासकांनाही मान्य आहे.

लॅब्रॅडॉरच्या उत्तर किनाऱ्यावरील इन्युइट लोकांची मुखवट्यांची रात्र मात्र वेगळी आणि त्यांची स्वतःची आहे. ६ जानेवारीला केसाळ कातड्यांतले 'नालुजुइट' गोठलेल्या समुद्रावरून गावात येतात, वर्षभर चांगले वागलात का, असे मुलांना विचारतात, गाणे म्हणायला लावतात आणि मग भेट देतात. नेन गावातील ओकालाकातिगेत संस्था १९८०च्या दशकापासून इनुक्टिटुट भाषेत रेडिओ चालवते. तेथे रेडिओपुढचा प्रश्न आठवणींचा जितका, तितकाच भाषेचाही आहे.

जुलै १९९२मध्ये कॉडच्या मासेमारीवर बंदी आली आणि प्रांतातील सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. ही बंदी २०२४मध्ये उठली, तोवर तरुणांची एक पिढी पश्चिमेकडील तेलक्षेत्रांत निघून गेली होती. २००९पासून सेंट जॉन्समध्ये दरवर्षी डिसेंबरमध्ये ममर महोत्सव भरतो. लाकडी घोडे बनवायला शिकवतात, मिरवणूक निघते. नाताळनंतरचा खेळ नाताळआधी आणि स्वयंपाकघरातला खेळ रस्त्यावर आला, अशी कुरबुर जुने लोक करतात. ती अगदीच अनाठायी नाही. मिरवणुकीत कोणी कोणाला ओळखायचे नसते. पण लहान मुलांना उशीच्या अभ्र्याला कोठे भोके पाडायची हे तिथेच कळते, हेही खरे.

स्थलांतराची योजना नव्या नियमांनी अजून चालू आहे. ईशान्य किनाऱ्यालगतच्या लिटल बे आयलंड्स या गावात २०१५च्या मतदानात आवश्यक ९० टक्क्यांना अगदी थोडी मते कमी पडली. २०१९मध्ये मात्र सर्वांनी गाव सोडण्याच्या बाजूने कौल दिला. घरटी अडीच लाख डॉलर किंवा त्याहून थोडी अधिक भरपाई ठरली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी, बारा दिवसांच्या नाताळाच्या ऐन मध्यात, तेथील वीज तोडण्यात आली आणि फेरीबोट बंद झाली. सरपण, सौर पट्ट्या आणि शिधा साठवून एक दांपत्य तेवढे मागे राहिले.